फक्त एवढंच सांगते, बाबा!

सिनेमा तीनदा पाहिला असेल, तर पुस्तक नुसतं चाळलं तरी पुरतं, असं पद्मजाचं ठाम मत होतं. कोर्ट, खून, उलटतपासणी, सगळं तोंडपाठ! म्हणूनच सासरे, गंगाधरराव, त्या सिनेमाची मूळ कादंबरी घेऊन दीडशेव्या पानावर घामाघूम झालेले दिसले, तेव्हा ती उत्साहानं ओरडली, “बाबा, खुनी तो मुनीमच!”



गंगाधरराव तीस वर्षं कोर्टात बाबू होते. निकाल वाचून होईस्तोवर बायकोलाही सुगावा लागू न देणारा माणूस! त्यांनी पुस्तक मिटलं.

“मले काहून सांगितलं, सूनबाई?”

“तोंडातून निघून गेलं, बाबा!”

झालं! रोज दुपारी पद्मजाच्या वर्षभराच्या लेकीला, निधीला, कडेवर घेऊन जवळच्या तळ्यावर, बूढ़ा तालाबावर, फिरवून आणणारे आजोबा संपावर गेले, आणि पद्मजाचा वाचनाचा हक्काचा तास बुडाला!

मग तिनं ती टाकलेली कादंबरीच उचलली. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये एक पान, निधीला थोपटताना चार. झोपलेल्या निधीची इवलीशी मूठ पानावर पडली की ती हलवायचा धीर होईना. मुठीखालच्या ओळी पद्मजा अंदाजानं वाचायची. आणि काय ते पुस्तक! सिनेमात नसलेले साक्षीदार, नसलेली पत्रं! दोनशेव्या पानावर तर मुनीम चक्क निर्दोष सुटला!

चौथ्या दिवशी पुस्तक संपवून ती धावतच बाहेर आली.

“बाबा! मुनीम नाहीच! सिनेमावाल्यांनी शेवटच बदलला!”

गंगाधररावांच्या तोंडासमोरचा पेपर खाली आला. “खरं सांगून राहिली?”

“देवाशप्पथ!”

“मग कोण? नाही, नाही! बोलू नको!” त्यांनी पुस्तक हिसकावून घेतलं.

“नाही बोलत! फक्त एवढंच सांगते, त्या बिचाऱ्या विधवेवर शंका घेऊ नका.”

“माझी तिच्यावरच होती न वं!”

“सॉरी, बाबा! आता अगदी गप्प. पण तो डॉक्टर भला माणूस आहे हं, उगाच त्याला...”

“पद्मजा!”

गंगाधररावांनी चपला चढवल्या. कडेवर निधी, काखेत कादंबरी.

“कुठं चाललात, बाबा?”

“तालाबावर! या घरात ही एकच पोट्टी भरवशाची. हिले अजून बोलता येत नाही!”

दार आपटलं. पद्मजाला तिचा तास परत मिळाला, अख्खा, सोन्यासारखा! फक्त वाचायला घरात काही उरलं नव्हतं. शेवटी तिनं कुकरबरोबर आलेली माहितीपुस्तिका उघडली. निदान तिच्यावर अजून सिनेमा निघालेला नव्हता.