सिस्टर लुसींचं एकच वाक्य

सिस्टर लुसी धुळ्याच्या स्टँडवर साक्रीच्या एसटीत चढल्या, की कुसुंबा येईपर्यंत पुढच्या चार बाकांवरल्या माणसांची नावं, गावं आणि दुखणी त्यांना पाठ झालेली असत. नेर येईपर्यंत मागचे बाकही संपत. कंडक्टर तिकिटं फाडायचं विसरून त्यांना स्वतःच्या बदलीची हकिगत सांगत उभा राही. एकदा एका प्रवाशाने झोपेचं सोंग घेतलं. सिस्टरांनी त्याला हलवून उठवलं आणि म्हणाल्या, "बाबा, झोप तू. फक्त एकच वाक्य बोलते." बिचारा साक्रीला उतरला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"एकच वाक्य" हा त्यांचा ठेवणीतला शब्द. त्यांच्या वाक्याला सुरुवात असे, मध्ये पुष्कळ काही असे, पण पूर्णविराम कुठे आहे ते आम्हाला कधी सापडलं नाही. मूळच्या त्या वसईच्या. पस्तीस वर्षं खानदेशात काढून अहिराणी शिकल्या होत्या, पण चाल वसईचीच राहिली. त्या अहिराणीत रागावल्या तरी ऐकणाऱ्याला वाटे, बाई काहीतरी गाऊन दाखवतायत.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या बेकारीमुळे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी बसलो होतो. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत काम करणाऱ्या पाच ख्रिस्ती संघांनी, म्हणजे फादरांच्या दोन आणि सिस्टरांच्या तीन, तेव्हा न्याय आणि शांततेसाठी एक संयुक्त मंच काढला होता. डोंगरकडेच्या पाड्यांवरची रेशनकार्डं, मजुरी, जंगलजमिनीचे दावे, गावागावांतली भांडणं, असलं सगळं काम पाचांनी मिळून करायचं. त्यासाठी एक खोली, एक जीप, एक टाइपरायटर आणि एक मी. जीप फादरांची, डिझेल सिस्टरांचं, चालवणारा मी आणि ढकलणारे ज्या गावात असू ते गावकरी.

न्याय आणि शांतता यांवर पाचही संघांचं एकमत होतं. मतभेद होते ते चहा कधी घ्यायचा यावर. प्रत्येक मठाची घंटा वेगळी, प्रार्थनेच्या वेळा वेगळ्या, संस्थापक संत वेगळे. मंचाचं लेटरहेड छापताना कुठल्या संतांचं चिन्ह वर घ्यायचं यावर तीन बैठका झाल्या आणि शेवटी पाचही घेतली. त्यामुळे खाली मजकुराला चार ओळी उरत. तहसीलदार कचेरीत आमच्या अर्जांची ख्याती होती. "थोडक्यात लिहावं ते या फादर लोकांनी," असं तिथला अव्वल कारकून म्हणे.

पाच मठांचा कारभार एका भिंतीवरच्या कॅलेंडरवर चाले. प्रत्येकाची पेन्सिल वेगळ्या रंगाची. सिस्टर लुसींच्या मठाचा रंग जांभळा. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा घोटाळा त्याच रंगात झाला.

त्या वर्षी साक्रीच्या पश्चिमेला एक गाव आणि त्याच्या वरच्या अंगाचा पाडा यांचं वाकडं आलं होतं. पौषात पाड्याच्या शेळ्या गावच्या हरभऱ्यात शिरल्या. गावाने शेळ्या कोंडल्या, पाडा त्या सोडवायला आला, काठ्या निघाल्या, दोन्हीकडची डोकी फुटली. गावाने पाड्याला वेस बंद केली आणि विहीरही. चैत्र लागला तरी पाड्याच्या बायका दोन टेकड्या ओलांडून नाल्यातल्या झिऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरत होत्या. झिराही आता आटत आला होता. पंधरा दिवसांत विहीर खुली झाली नाही तर पाडा उठून जाणार हे सगळ्यांना दिसत होतं.

सिस्टर लुसींनी तीन बैठका घेतल्या. तिन्हींना मी हजर होतो. गावाकडून हिलाल नाना बसत. साठीचे, मोठ्या शेतीचे, विहीर त्यांच्याच बांधाला. पाड्याकडून पाच-सहा पुरुष आणि जेमीबाई नावाची एक म्हातारी. सिस्टर म्हणत, "मी एकच वाक्य बोलते," आणि दोन तासांनी जीपकडे वळत. बाकी कोणाला तोंड उघडायची सोय नव्हती. तिसऱ्या बैठकीच्या शेवटी गाव आणि पाडा यांच्यात एका मुद्द्यावर पूर्ण समेट झाला. तो म्हणजे सिस्टरांनी आता थांबावं.

तरी चौथी बैठक ठरवायचं काम माझ्याकडे आलं. नानांनी निरोप धाडला, "ही शेवटली. यानंतर बोलावू नका." मी कॅलेंडर पाहिलं. एका ठिकाणी सलग आठ दिवस जांभळी रेघ होती आणि तिच्यावर काहीही काम लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, वा, सिस्टर आठवडाभर मोकळ्या! बुधवार धरला आणि दोन्हीकडे पोस्टकार्डं टाकली.

बुधवारी सकाळी जीप घेऊन मठात गेलो. दार उघडणाऱ्या सिस्टरांनी ओठांवर बोट ठेवलं. आत आणखी दोघी दिसल्या, त्यांनीही बोट ठेवलं. मला वाटलं, घशाची साथ आली असावी. मी मोठ्याने म्हणालो, "हळद-दूध घ्या, सिस्टर, गरम गरम! आमच्याकडे दोन दिवसांत उतार पडतो." तेवढ्यात मठाच्या प्रमुख मदर धावत आल्या, मला हाताला धरून बाहेरच्या खोलीत नेलं आणि कुजबुजल्या, "अरे, आमचं वर्षाचं मौन चालू आहे. आठ दिवस कोणी बोलत नाही. कॅलेंडरवर रेघ मारली होती ना?"

माझ्या पायांखालचं डिझेल सरकलं. मी सगळं सांगितलं. नाना, शेवटली बैठक, झिरा. मदर आत गेल्या. पाच मिनिटांनी सिस्टर लुसी पिशवी घेऊन बाहेर आल्या आणि न बोलता जीपमध्ये बसल्या. मदर मला म्हणाल्या, "जा. सावकाश चालव."

ते अंतर मी कसं कापलं ते मलाच ठाऊक. सिस्टर लुसी शेजारी बसलेल्या आणि जीपमध्ये फक्त जीपचा आवाज! त्या जीपला इतके आवाज आहेत हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. मीच बोलत सुटलो. माफी मागितली, हवेवर बोललो, नेर आलं ते सांगितलं, नेर गेलं तेही सांगितलं. त्या समोर बघत होत्या.

बैठक मारुतीच्या पारावर. एका बाजूला गाव, एका बाजूला पाडा, मध्ये सिस्टर. सगळ्यांनी दोन तास बसायच्या तयारीने मांड्या ठोकल्या. सिस्टर गप्प. पाच मिनिटं गेली. कोणीतरी खोकलं. दहा मिनिटं गेली. माणसं एकमेकांकडे बघू लागली. हिलाल नाना पुढे वाकून म्हणाले, "सिस्टरबाई, तुमनी तब्येत बरी शे ना?"

सिस्टरांनी मान हलवली. पाड्यावरचा एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "रागे भरनी वाटतं." दुसरा म्हणाला, "भरूच दे. आपन तसंच वागनूत."

मला राहवेना. मी उठलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "मंडळी, मंचाच्या वतीने मी दोन शब्द..." सिस्टरांनी माझा सदरा मागून धरला आणि मला खाली बसवलं. सदऱ्याची शिवण उसवली. तिच्या आवाजापुरता तरी पार जागा झाला.

पुन्हा शांतता. मग, सगळ्यांच्या मागून, जेमीबाई बोलली. हळूच, जमिनीकडे बघत.

"नाना, तुन्ही माय गयी, आनि माले तिन्हं तोंड देखाले भेटनं नही."

नानांनी वर पाहिलं. त्यांची आई माघात गेली होती. जेमीबाई आणि ती एकाच वयाच्या, उभ्या आयुष्यात एका शेतात बरोबर निंदणी केलेली, एका फडक्यातली भाकर खाल्लेली. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. फक्त शेळ्या, काठ्या आणि वेस यांच्या गदारोळात कोणाला आठवलं नव्हतं.

"येस बंद व्हती," जेमीबाई म्हणाली. "शिवारवर उभी राहीसन रडनू. बस."

नाना म्हणाले, "मंग तीन बैठका व्हयन्यात, सांगं का नही, बाई?"

"कवय सांगू? सिस्टर बोली राहिनी व्हती ना!"

आधी पाड्यावरचं कोणीतरी फिसकन हसलं, मग गावातलं. नानाही हसले आणि हसता हसताच उपरण्याने डोळे पुसू लागले. मी सिस्टरांकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या.

नाना उठले. म्हणाले, "विहीर खुली शे. सकाय नही, आतेच." पाड्यावरचे म्हणाले, यापुढे शेळ्या पिकाच्या दिवसांत वरच्या माळालाच राहतील. कोंडलेल्या शेळ्या सोडून द्यायचं गावाने कबूल केलं. मी करारपत्र लेटरहेडवर लिहून काढलं. चार ओळीही जास्त झाल्या.

पण जेमीबाई विहिरीकडे गेली नाही. ती नानांच्या घराकडे निघाली. मयताच्या घरी गेलं की बायकांनी गळ्यात पडून रडायचं, तेवढं झाल्याशिवाय भेट पुरी होत नाही. तिची ती भेट दोन महिने राहून गेली होती. सिस्टरही उठून तिच्यामागे गेल्या. नानांची सून दारात आली, जेमीबाईने तिला मिठी मारली आणि हंबरडा फोडला. आणि सिस्टर लुसी उंबऱ्यावर बसल्या, पदर तोंडावर घेतला आणि त्यांच्याइतक्याच मोकळेपणाने रडल्या. आळीतल्या बायका त्यांनाही पाठीवरून हात फिरवत होत्या. हे बराच वेळ चाललं. मी जीपला टेकून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बाई काय तयारीच्या आहेत!

परतताना मी ते बोलूनही दाखवलं. "सिस्टर, मानलं तुम्हाला. न बोलता बैठक जिंकलीत, आणि वर काय रडलात! कोणाला शंका येईल का? अगदी खरं वाटलं."

सिस्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बाहेरच्या शेतांकडे तोंड केलं. मी खूश होऊन गिअर बदलला.

मठाच्या फाटकाशी मदर उभ्या होत्या. सिस्टर आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय झालं? नीट बोलली ना ती?"

"एक शब्द नाही, मदर!" मी छाती पुढे काढून म्हणालो. "तुमचं मौन जराही मोडू दिलं नाही आम्ही."

"पण मी तर तिला बोलायची परवानगी दिली होती," मदर म्हणाल्या. "सकाळीच सांगितलं होतं, लोकांच्या पाण्याचा प्रश्न आहे, खुशाल बोल. ती म्हणाली, बघते मदर, तीनदा बोलून पाहिलं, आता जरा ऐकून बघते."

मग मी बाकीचं सांगितलं. जेमीबाईचं, नानांच्या आईचं, उंबऱ्याचं. मदर फाटकाची कडी धरून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या काळी नियम कडक होते. व्रत घेतलं की घरी जायचं नाही. मयताला सुद्धा नाही. तिची आई वसईला वारली तेव्हा तार मीच तिच्या हातात दिली. तिने वाचली, घडी घालून पुस्तकात ठेवली आणि चौथीच्या वर्गावर गेली. तीस वर्षं झाली. त्या तारेबद्दल ती माझ्याशीही कधी बोलली नाही. आणि बोलायला तर तिला काहीही चालतं, तुला माहीत आहे."

मी जीप सुरू केली. ती पहिल्या झटक्यात सुरू झाली, त्याचं एरवी मला केवढं कौतुक वाटलं असतं.

मौन सुटल्यावर सोमवारी सिस्टर लुसी ऑफिसात आल्या. टाइपरायटरची फीत, भुसावळच्या फादरांचा मलेरिया, पाड्यावरच्या शाळेचं छप्पर, सगळ्यांवर बोलून झालं. मध्ये श्वास घ्यायला थांबल्या, तेवढ्यात मी घाईने म्हणालो, "सिस्टर, त्या दिवशी जीपमध्ये मी जे बोललो ना, मी मूर्ख आहे."

"ते मला तुझ्या पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. मग टेबलावरची पेन्सिल सरळ करत विचारलं, "तुझी आई कुठे असते?"

"पारोळ्याला."

"शेवटचा कधी गेलास?"

"दिवाळीला." जरा विचार करून म्हणालो, "मागच्याच्या मागच्या."

"धुळ्यापासून पारोळा म्हणजे तासाचा रस्ता रे!" त्या उठल्या आणि टाइपरायटरवर झाकण घातलं. "ऊठ. दुपारची गाडी आहे."

"पण सिस्टर, तहसीलदारांचा अर्ज..."

"पाच संत छापलेत ना त्याच्यावर? ते बघून घेतील."

मला त्या स्टँडपर्यंत सोडायला आल्या. वाटेत केळीवाल्याशी, रिक्षावाल्याशी आणि एका अनोळखी वऱ्हाडाशी बोलल्या. केळ्यांची फणी माझ्या हातात दिली. मी खिडकीशी बसलो. ड्रायव्हर चढला. मी बाहेर डोकं काढून विचारलं, "सिस्टर, आईला काय सांगू तुमच्याकडून?"

त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता गाडी सुटेपर्यंत निरोप संपत नाही. पण त्यांनी ते तसंच मिटलं. खिडकीचा गज हाताने घट्ट धरला, आणि गाडी हलली तेव्हा तिच्याबरोबर चार पावलं चालत आल्या.