फिलूमावशीची मौनवही

फिलूमावशीला राँग नंबर कधी लागलाच नाही. म्हणजे तसले फोन दिवसाला दोन-तीन यायचे, पण 'राँग नंबर' म्हणून खाली ठेवणं तिला जमायचं नाही. विश्रांतवाडीच्या चौकाजवळ तिचं एसटीडी बूथ होतं तेव्हाची गोष्ट. वारज्याहून कुणीतरी गॅस एजन्सीला फोन लावायचं आणि तो मावशीकडे वाजायचा. मावशी म्हणायची, गॅस इथं नाही, पण सिलिंडर संपला कधी, घरात माणसं किती, आणि तोवर स्वयंपाक कशावर करताय? दहा मिनिटांनी त्या बाईला स्टोव्हला पिन कशी मारायची ते कळलेलं असायचं आणि मावशीला तिच्या जावेचं सगळं बाळंतपण. एकदा तर मी समोर उभी होते. ती रेकॉर्ड केलेली बाई 'आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही' असं घोकत होती आणि मावशी तिला म्हणाली, "नसू दे गं, किती वेळा सांगशील, घसा बसेल तुझा."

मी तेव्हा कॉलेजात होते, आणि आमच्या घरी फोन नव्हता. तेव्हापासून आमचं अगंतुगं आहे. बूथच्या काचेला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून रबर लावलेलं असायचं, त्याचा मावशीला काही उपयोग नव्हता. विदर्भातून शिकायला आलेली मुलं आईला 'जेवलो, जेवलो' म्हणून सांगून बाहेर आली की मावशी त्यांना अडवायची. काय जेवलास, कुठं जेवलास, खोटं कशाला बोलतोस, आणि डब्यातली अर्धी भाकरी हातावर. पोरं वैतागायची, पण फोन करायला तिच्याचकडे यायची.

पुढे खिशाखिशात मोबाईल आले आणि बूथ बसलं. तिचं बैठं घरही बिल्डरनं घेतलं आणि त्याच जागेवरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर तिला फ्लॅट दिला. नवरा आधीच गेलेला. मुलगा संदीप नोकरीला हिंजवडीत, राहायला वारज्याला. मावशी म्हणायची, लोकांची मुलं अमेरिकेला गेली तर निदान सांगता तरी येतं, माझा स्वारगेटच्या पलीकडे गेलाय आणि तेवढाच लांब आहे. हे सगळं ती हसत सांगायची, त्यामुळे ऐकणारेही हसायचे.

अशी ही बाई मौन पाळणाऱ्या संघात आली. संघ म्हणजे आमचा, कॅथलिक. हे सांगावं लागतं, कारण माझ्या ऑफिसातल्या एकानं मला सकाळी किती वाजता जमता आणि कवायत असते का, असं विचारलं होतं. मठात राहणाऱ्या एका जुन्या संन्याशांच्या संघाची ही संसारी माणसांसाठीची शाखा. घर सोडायचं नाही, नोकरी सोडायची नाही, झगा घालायचा नाही. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करायची, रोज अर्धा तास मौन पाळायचं, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की सिस्टरांच्या कॉन्व्हेंटच्या हॉलमध्ये वर्गाला बसायचं. दोन वर्षं अशी उमेदवारी झाली की मंडळ ठरवतं, कोणाला वेदीसमोर वचन देऊ द्यायचं आणि कोणाला अजून थांबवायचं. या शिकवणीला फॉर्मेशन म्हणतात. मावशी शेवटपर्यंत इन्फर्मेशन म्हणत होती, आणि तिच्या हिशेबानं ते बरोबरच होतं, कारण हॉलमध्ये पाऊल टाकल्यापासून ती तेच गोळा करायची.

मी का गेले ते स्पष्टच सांगते. मला गप्प बसायचं होतं. कल्याणीनगरच्या एका कंपनीत मी सपोर्टला आहे. दिवसभर कानाला यंत्र आणि कानात कुणाची तरी तक्रार. घरी आलं की नवऱ्याचा टीव्ही आणि सासूबाईंचे प्रश्न. मला माणसांचा उबग आला होता, आणि रोज अर्धा तास कुणाशी बोलायचं नाही हा नियम ऐकून मी भक्तीनं नव्हे, स्वार्थानं फॉर्म भरला. आणि नशीब बघा, आम्हा सहा उमेदवारांच्या जोड्या लावताना रणपिसे सरांनी मला फिलूमावशीची सोबतीण केलं.

रणपिसे सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर आणि आमचे शिकवणारे. मोजून बोलायचे आणि बोललेलं लागायचं. त्यांनी प्रत्येकाला एक शंभरपानी वही दिली होती, मौनवही. रोज किती ते किती मौन पाळलं ते लिहायचं आणि वर्गात वाचून दाखवायचं. माझ्या वहीत रोज तीस मिनिटं. त्यातली किती झोपेत गेली ते मी आणि देव जाणतो, पण वही बघून सर मान डोलवायचे.

मग मावशी उभी राहायची. चष्मा लावायची, घसा साफ करायची आणि मोठ्यानं वाचायची. सोमवार, सहा दहा ते सहा चौदा. मंगळवार, काही नाही. बुधवार, दोन मिनिटं. गुरुवार, काही नाही. शुक्रवार, तीन मिनिटं, पण मध्ये शिंक आली. आम्ही खाली माना घालून हसू दाबायचो. सर म्हणायचे, "फिलोमिनाबाई, चार मिनिटांत अंडंही धड उकडत नाही." मावशी मनापासून म्हणायची, "सर, ती चार मिनिटं कशी काढली ते माझं मला माहीत." एवढं म्हणून ती खाली बसायची आणि शेजारच्या नर्सबाईला हळूच विचारायची, तुझ्या वॉर्डातला तो पाय मोडलेला म्हातारा घरी गेला का?

एकदा सरांनी आम्हाला पूर्ण दिवसाच्या मौनाला नेलं होतं, शहराबाहेरच्या एका आश्रमवजा घरात. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, अवाक्षर काढायचं नाही. मावशीनं खरंच काढलं नाही. पण जेवताना तिनं नुसत्या हातवाऱ्यांनी आम्हाला सांगितलं की, तिथल्या स्वयंपाकीणबाईच्या मुलीचं लग्न मोडलं होतं, ते परत जुळलं, मुलगा आधीचाच आहे, फक्त आता त्यानं मिशी काढली आहे. सगळ्यांना सगळं समजलं. सरांनाही समजलं असावं, कारण त्यांना मिशीच्या ठिकाणी ठसका लागला. नियम कुठं मोडला ते मात्र त्यांना दाखवता येईना.

मला ती आवडायची, पण तिचा त्रासही व्हायचा, खोटं कशाला बोलू. वर्ग संपला की सगळे पटापट निघायचे आणि मावशी माझ्या पर्सचा पट्टा धरून उभी. भाजी काय केली इथपासून सुरुवात. स्कूटरला किक मारली तरी पट्टा सुटायचा नाही. मी मनात म्हणायचे, हिला वचन द्यायचंय कशाला? पण तिला ते फार हवं होतं. नवरा गेला तेव्हा, बूथ गेलं तेव्हा देवानं सांभाळलं, आता आपण त्याचं रीतसर होऊन जावं, एवढं एकच तिचं म्हणणं. वेदीसमोर नेसायला पांढरी साडीही तिनं घेऊन ठेवली होती, आणि काठ निळा चालेल ना, हे सरांना तीनदा विचारून झालं होतं.

दुसरं वर्ष संपत आलं तसं सरांनी सांगितलं, सोबत्यांनी एकमेकांवर शेरा लिहून आणा, मंडळ त्यावर ठरवेल. मी बसल्या बैठकीत लिहिला. 'श्रद्धा आहे, सेवावृत्ती आहे, मौनाची सवय नाही. एक वर्ष थांबावं.' असा शेरा ज्याच्यावर लिहिला त्याला वाचून दाखवून त्याची सही घ्यायची, असा आमच्याकडे नियम आहे. पाठीमागे काही नको म्हणून. म्हणून एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी विश्रांतवाडीला गेले. लिफ्ट बंद होती. चार जिने चढले. मजल्यावरच्या बाकीच्या तिन्ही दारांना कुलपं होती.

दार उघडल्यावर मावशीचा चेहरा असा उजळला की मला पर्समधला कागद टोचायला लागला. तिनं पाणी दिलं, पंखा लावला, आणि आता सुरू होणार म्हणून मी बूड टेकून तयारीत बसले, तर ती म्हणाली, "बरं झालं आलीस. थांब, पाच मिनिटं बोलू नको हं, माझं आजचं मौन राहिलंय." आणि समोरच्या खुर्चीत हात जोडून, डोळे मिटून, ओठ गच्च दाबून बसली. बोलायचं किती अंगात दाटलंय ते तिच्या मानेच्या शिरांवर दिसत होतं. घड्याळात पाच मिनिटं झाली तशी तिनं श्वास सोडला, टेबलावरची वही ओढली आणि लिहिलं.

मी जरा वैतागूनच विचारलं की मावशी, सकाळपासून घरात एकटीच आहेस, तेव्हाच का नाही उरकून घेतलंस?

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच येडी आहे. "एकटीनं? एकटीनं गप्प बसलं तर त्याला मौन कसं म्हणायचं? सरांनीच पहिल्या दिवशी सांगितलंय, बोलता येत असून देवासाठी तोंड मिटायचं ते मौन. समोर माणूस नको का? एरवी काय, मी तर परवापासून गप्पच आहे. ते थोडंच लिहायचं असतं?"

मी वही मागितली. तिनं कौतुकानं दिली. सहा दहा ते सहा चौदा म्हणजे काय विचारलं. दूधवाला, ती म्हणाली. एकटीला लागतं किती, म्हणून तो आठवड्यातून दोनदाच यायचा. तो पातेल्यात दूध ओतेस्तोवर आणि पुढच्या खेपेला किती ते पाटीवर वाचेस्तोवर चार मिनिटं जातात. पूर्वी ती त्याच्याशी बोलायची, त्याच्या म्हशीचं दुखणं तिला ठाऊक होतं. आता ती चार मिनिटं देवाला दिली होती. दोन मिनिटं म्हणजे कुरियरवाला. एका पानावर अठरा मिनिटं होती, ती नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाची. ते आठवून ती म्हणाली, फार जड गेलं बाई, चांगला बोलका दिसत होता.

मी पानं उलटत होते. मंगळवार, काही नाही. गुरुवार, काही नाही. शनिवार, काही नाही. वर्गात आम्ही ज्याला हसत होतो ते हे. त्या दिवशी तिच्या दारात कुणी आलंच नव्हतं. एका रविवारीही काही नाही असं होतं, तर म्हटलं, रविवारीसुद्धा? त्यावर ती ओशाळली. त्या दिवशी संदीप आला होता, दीड महिन्यांनी. त्याच्यासमोर तोंड मिटवेना, देव समजून घेईल म्हणाली.

मला माझी लाज वाटली. माझी तीस-तीस मिनिटं आठवली, डुलक्या घेत काढलेली, नको असलेल्या माणसांना बाहेर ठेवून. आणि हिला कधीमधी चार मिनिटं माणूस मिळत होतं, तेवढंही हिनं देऊन टाकलं होतं. शेरा मी तिला वाचून दाखवला नाही. पर्समध्येच चुरगाळला आणि सहज आले होते म्हणून सांगून निघाले.

तिथून थेट सरांकडे गेले. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, माझ्या वहीतल्या झोपेसकट. सर खिडकीबाहेर बघत ऐकत होते. दोन वर्षं मी त्या बाईला अंड्यावरून बोलतोय, एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मग त्यांनी एक कागद ओढला आणि त्यावर दोन ओळी लिहिल्या. मंडळाची संमती ते स्वतः मिळवतील, मावशी या वर्षीच वचन देईल. आणि दुसरी ओळ आज्ञा होती. आमच्याकडे शिकवणाऱ्यांनी घातलेली आज्ञा मोडत नाहीत. मौन फिलोमिनाबाईंना माफ. त्याऐवजी त्यांनी रोज अर्धा तास बोलायचं.

दुसऱ्या दिवशी मिस्साहून परतताना मी मुद्दाम तिच्याकडे वळले. घाई होती, घरी पाहुणे येणार होते. दारातच उभं राहून तिला बातमी दिली. ती रडली, हसली, पदरानं डोळे पुसले, निळ्या काठाची साडी बाहेर काढून दाखवली. मग मी दुसरी ओळ वाचली. मला वाटलं, आता ही नाचेल. मी निघता निघता म्हणाले, "मावशी, मजा आहे तुझी. आज्ञाच आहे, रोज अर्धा तास बोलायचं."

ती साडीची घडी घालत होती. हात थांबले. बंद असलेल्या समोरच्या दाराकडे तिनं एकदा बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं तिला.

"कुणाशी गं?"

मी चपला काढल्या आणि आत गेले.