मोजणाऱ्याची तब्येत

बालवाडीत व्यायाम सुरू झाला आणि पोरांनी मारलेल्या उड्यांनी संस्थेच्या अध्यक्षांचं, बापूसाहेबांचं, पोट उतरलं. दिवाळीपर्यंत त्यांना लग्नातला कोट बसायला लागला. गावाने त्यांचा सत्कारही केला.

सत्काराशी शालनला देणंघेणं नव्हतं. पण तिची चार वर्षांची मुक्ता रोज घामाघूम होईस्तोवर उड्या मारायची आणि घरी येताच उंबऱ्यातच मटकन बसायची. शालनच्या अंगाचा तिळपापड झाला. पदर खोचून तिने थेट बालवाडी गाठली.

"गरुडबाई, माझ्या पोरीने घाम गाळायचा आणि अंग बापूसाहेबांचं सुधारायचं, हा कुठला न्याय?"

"अहो, व्यायाम मोजणाऱ्यालाच लागतो," बाई शांतपणे म्हणाल्या. "आधी मी मोजायचे, तेव्हा माझे गुडघे बरे झाले. मग बापूसाहेब म्हणाले, मोजणं हे अध्यक्षांचं काम आहे."

"आणि पोरांना काय?"

"राजगिऱ्याचा लाडू."

आयत्या बिळावरचे नागोबा शालनने पुष्कळ पाहिले होते. पण ज्यांना अजून नाकही पुसता येत नाही, त्यांचंही बीळ सोडू नये? तिला संतापाने रडूच आलं.

मैदानात बापूसाहेब खुर्चीत बसून माईकवर मोजत होते. पोरं उडत होती. मुक्ता मागच्या रांगेत होती, ओठ पांढरे पडलेले.

शालनने माईक हिसकावला आणि मुक्ताच्या तोंडाशी धरला. "मोज गं, बाई."

"अशी पद्धत नाही!" बापूसाहेब ओरडले.

"एक," मुक्ता म्हणाली.

बापूसाहेब खुर्चीतून उठले आणि उडाले. आकडा कानावर पडला की मोजणारा सोडून सगळ्यांनी उडी मारायची, हा नियम त्यांनीच केला होता. गरुडबाई उडाल्या. शालनही उडाली; तिची काही हरकत नव्हती. ते पाहून बाकीची पोरंही खाली बसून मोजायला लागली, आणि एकेकाच्या गालावर रंग चढू लागला.

बापूसाहेबांच्या कोटाची बटणं ताणली गेली. "कुठपर्यंत मोजणार आहेत ही?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"वीसपर्यंत," बाई उडता उडता म्हणाल्या. "पुढचं अजून शिकवलेलं नाही."

वीस झाले. मुक्ताने श्वाससुद्धा न घेता पुन्हा एक म्हटलं.