चार नंबर वसतिगृहाची उल्लेखनीयता

जगातली वस्तू आधी असते आणि मग तिची नोंद होते, असा एक जुना गैरसमज आहे. ऑनलाइन ज्ञानकोशाने तो केव्हाच दूर केला. आधी त्रयस्थाने तिच्याविषयी लिहावे लागते, लिहिलेले छापून यावे लागते, छापलेल्याचा संदर्भ द्यावा लागतो. मग ती वस्तू आहे असे धरून चालता येते. तोवर तिच्या असण्याला कुणाची हरकत नसते, फक्त तिने फार गाजावाजा करू नये.

विद्यापीठाच्या चार नंबर वसतिगृहाच्या रेक्टरांना हे ज्ञान झाले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते. सव्वीस वर्षे ते त्याच इमारतीत राहिले. तळमजल्यावर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि दारावर केव्हाही पडणारी थाप. निरोपाची भेट म्हणून जुन्या मुलांनी ज्ञानकोशात 'चार नंबर वसतिगृह' असा लेख चढवला. रेक्टरांनी तो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सहा वेळा वाचला आणि सातव्यांदा वाचण्यासाठी बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत येईपर्यंत लेखाच्या माथ्यावर पिवळी पट्टी चढली होती : 'हा विषय पुरेसा उल्लेखनीय आहे काय, यावर सात दिवस चर्चा होऊन लेख वगळण्याचा निर्णय घेतला जाईल.'

"या होस्टेलात असं आहे तरी काय, हे मी सव्वीस वर्षं विचारतेय," रेक्टरीणबाई म्हणाल्या. "मला कुणी सात दिवस दिले नाहीत."

चर्चेची पद्धत मात्र निर्दोष होती. वसतिगृह ज्यांना ठाऊक आहे त्यांनी मत देऊ नये, कारण त्यांचे हितसंबंध असतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी अवश्य द्यावे, कारण ते निःपक्षपाती असतात. (सोयरीक ठरवताना मुलाला ओळखणाऱ्या सगळ्यांना बाहेर बसवावे, तसेच हे.) एकूण सात जणांनी भाग घेतला. पैकी इमारत पाहिलेले : शून्य. विद्यापीठ पाहिलेला : एक, तोही नापास झाल्यामुळे ओझरते. त्यांचे म्होरके 'कात्री' या नावाने लिहीत. आजवर त्यांनी चौदाशे बारा लेख कापले होते आणि त्याबद्दल बारा पदके त्यांच्या पानावर ओळीने झळकत होती. त्यांनी निवाडा दिला : 'वसतिगृह म्हणजे झोपण्याची जागा. झोपणे उल्लेखनीय नाही.'

"मग तीन नंबरचा लेख कसा काय आहे?" रेक्टरांनी क्लार्कला विचारले.

प्रश्न रास्त होता. तीन नंबर शेजारीच. तीच वीट, तोच नकाशा, तोच ठेकेदार. पण त्याचा लेख चांगला लांबलचक, खाली एकोणीस संदर्भ. कारण तिथे एकदा वायरिंग जळून आग लागली, एकदा जेवणातून विषबाधा होऊन चौऱ्याऐंशी मुले इस्पितळात गेली आणि एकदा कुलगुरू पाहणीला आले असताना नेमका जिना कोसळला. (कुलगुरूंचा लेख त्यामुळे दोन परिच्छेदांनी वाढला.) तिथल्या रेक्टरांची चौकशी झाली, म्हणून त्यांच्यावर स्वतंत्र लेख आहे, फोटोसकट. फोटो चांगला आला आहे.

चार नंबरचे रेक्टर तसे शांत गृहस्थ. पण त्या फोटोने त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते चर्चेत उतरले आणि त्यांनी एका बोटाने टाइप केले : 'आमच्याकडे सव्वीस वर्षांत एकदाही आग लागली नाही.'

चार मिनिटांत कात्रींचे उत्तर आले : 'स्रोत?'

'काल चार नंबरमध्ये आग लागली नाही' अशी बातमी एकाही वर्तमानपत्राने एकाही दिवशी छापलेली नव्हती. रेक्टरांनी आपले रजिस्टर पुढे केले : तेराशे रविवार वायरी तपासल्या, टाकी उपसून धुतली, खानावळीतले तेल स्वतः हुंगून पाहिले. उत्तर आले की स्वतःविषयी स्वतः लिहिलेले ग्राह्य नाही. सोबत त्यांना 'हितसंबंधी' असा शिक्काही मिळाला, हा त्यांचा नोकरीतला पहिला शिक्का.

मग त्यांनी पाच वर्तमानपत्रांना पत्रे पाठवली : 'कृपया समक्ष येऊन येथे काहीही न घडल्याची पाहणी करावी.' चौघे गप्प बसले. पाचव्याच्या वार्ताहराने फोन केला.

"काका, कुणी जखमी वगैरे?"

"नाही."

"होण्याची शक्यता?"

"मी असेपर्यंत तरी नाही."

"बरं. मग तुम्ही गेल्यावर कळवा."

सहाव्या दिवशी सकाळच्या फेरीत रेक्टरांनी तिसऱ्या मजल्यावरच्या कठड्याला सवयीने हात लावला आणि कठडा हलला. बुडाशी गंजून गेला होता. संध्याकाळी खाली अंगणात निरोपसमारंभ होता आणि तो पाहायला याच कठड्यावर रेलून चाळीसेक मुले उभी राहणार होती.

हिशेब सोपा होता. एक कठडा, पाच वर्तमानपत्रे, वीसेक संदर्भ. कात्रींची काय बिशाद होती लेखाला हात लावायची? रेक्टरांचा हात कठड्यावर जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ राहिला. मग त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते तिथेच खाली बसले. शोधत आलेल्या बायकोला त्यांनी खरे ते सांगून टाकले.

"क्षणभर वाटलं, राहू द्यावा."

रेक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. "वाटलं ना? वाटून झालं. आता उठा आणि वेल्डरला घेऊन या. तोवर मी उभी आहे इथं, बघते कोण येतंय ते."

त्या दोन तास उभ्या राहिल्या. मुलांना दात घासायलासुद्धा त्यांनी त्या बाजूला फिरकू दिले नाही.

वेल्डरने सामान मांडत विचारले, "साहेब, पडलं का कुणी?"

"नाही."

"मग एवढी घाई कसली?"

संध्याकाळी मुले रेलली, ओरडली, त्यांनी टाळ्या पिटल्या. कठडा तसूभर हलला नाही. रेक्टर भाषणाला उभे राहिले आणि डोळे भरून आल्यामुळे दोन वाक्यांत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी लेख वगळला गेला. कात्रींनी शेरा मारला : 'सव्वीस वर्षांत कोणतीही घटना आढळली नाही.' रेक्टरांनी तो शेरा दोनदा वाचला आणि क्लार्ककडून छापून घेतला. त्यांच्या कामाचे इतके अचूक वर्णन आजवर कुणी केले नव्हते.

राहता राहिले तुमचे मत. कठडा हलला तेव्हा तुम्ही जरा सावरून बसलात आणि वेल्डर आला तेव्हा पुन्हा सैल झालात. लाजू नका. चाळीस मुलांनी खाली पडावे असे तुम्हाला मुळीच वाटत नव्हते. गोष्टीत काहीतरी घडावे, एवढीच तुमची माफक अपेक्षा होती. कात्रींचीही तेवढीच होती.