क्लिफर्ड सरांचा पंपावरचा तास

"चावी कोणाच्या हातात द्यायची, ते पंपावर ठरेल," असं क्लिफर्ड सरांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या बायकोने, रोझलिनने, कपाळाला हात लावला. सोमवारी सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्यानंतर दीड-दोन महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. म्हणजे गाडी एकतर अठरा वर्षांच्या मुलीकडे, स्टेफीकडे जाणार, नाहीतर पुतण्या जॅक्सनकडे. स्टेफीला नुकतंच लायसन मिळालं होतं, आणि डॅडींना हॉस्पिटलात आपणच न्यायचं, आपणच घरी आणायचं, हे तिने मनाशी घट्ट धरलं होतं. जॅक्सनचं वालीवला गॅरेज होतं, पण सरांच्या लेखी त्याचा खरा गुण वेगळाच. तो काकांच्या शब्दाबाहेर नव्हता.

"चालवतं काय, कोणीही," सर म्हणाले. "गाडीला खायला घालता आलं पाहिजे."

शनिवारी सकाळी बापलेक गास गावातून निघाले. सरांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे एकही पायरी गाळलेली त्यांना खपत नसे. पंपावर स्टेफीने गाडी बरोबर बाजूला लावली, इंजिन बंद केलं, झाकण उघडलं. पंपावरचा माणूस पुढे आला.

"थांबा," सर म्हणाले. "कुठलंही नवीन काम प्रार्थनेशिवाय सुरू करायचं नाही."

घरची शिस्तच होती ती. नवा प्रेशर कुकर असो की लायसनची परीक्षा, आधी 'नमो मारिया'. दोघं गाडीशेजारी हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले. सरांच्या आवाजात असं काही गांभीर्य होतं, की मागच्या रिक्षावाल्यानेही हॉर्नवरचा हात काढला. पंपावरच्या माणसाने बिचाऱ्याने बराच धीर धरला. मग वाढती रांग बघून त्याने हळूच विचारलं, "पेट्रोल ना? फुल करू?"

"आमेन," म्हणत दोघांनी मान लववली. त्याला तेवढं पुरलं.

"आता मीटरवर शून्य बघ," सर म्हणाले.

"बघितलं."

"नुसतं बघू नकोस. मोठ्याने बोल."

"शून्य, डॅडी."

"नजर हलवायची नाही. लोक इथेच फसतात."

टाकी भरेपर्यंत दोघांनी आकड्यांवरून नजर हलवली नाही. टाकीत काय चाललंय, तिकडे मात्र कोणाचंच लक्ष नव्हतं. स्टेफी झाकण लावायला वाकली, आणि झाकणाच्या आत सरांनीच स्वतःच्या अक्षरात चिकटवलेली चिठ्ठी तिला दिसली: 'फक्त डिझेल'.

"डॅडी... ह्यांनी पेट्रोल भरलं."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, विचारायचं तरी!"

"विचारलं की!" तो माणूस उसळला. "दोघांनी मान हलवलीत!"

"आम्ही प्रार्थना करत होतो!"

"मग मला काय कळणार, मान मला हलवली की देवाला!"

आता हॉर्न सुरू झाले. त्यातच रांगेतून एक जुना विद्यार्थी उतरून आला. "सर, तुम्ही? काय झालं?" सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काही नाही. निघालोच," ते म्हणाले आणि स्टेफीच्या कानाशी पुटपुटले, "बस आत. चालू कर. घरापर्यंत जाईल हळूहळू."

"डॅडी, इंजिनची वाट लागेल."

"चालू कर म्हणतो ना!"

"नाही करणार."

हा शब्द त्या घरात सरांना कोणी ऐकवला नव्हता. "मग चावी जॅक्सनला," ते म्हणाले.

स्टेफीचे डोळे भरून आले. तिने गाडीतली चावी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. "द्या त्याला. पण मी चालू करणार नाही, आणि तुम्हालाही करू देणार नाही."

शेवटी जुना विद्यार्थी, पंपावरचा माणूस आणि तो रिक्षावाला, तिघांनी गाडी ढकलून बाजूला घेतली. गुडघ्यामुळे सर ढकलू शकत नव्हते. ते टपावर हात ठेवून सूचना देत लंगडत चालले.

फोन केल्यावर जॅक्सन टेम्पो आणि दोरखंड घेऊन हजर झाला. सरांनी खाली मान घालून सगळं सांगितलं.

"चालू केली होती का, काका?"

"नाही."

"मग वाचलात! टाकी रिकामी करून देतो, संपलं. चालू केली असती तर इंजिनच खोलायला लागलं असतं."

"मी सांगितलं होतं चालू कर म्हणून," सर म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. "हिने ऐकलं नाही."

जॅक्सनला ते अजिबात आवडलं नाही. "काय गं स्टेफी? काकांना उलट बोलतात का? काका, मी असतो ना, तर तुम्ही बोलल्याबरोबर चावी फिरवली असती!"

सरांनी खिशातून चावी काढली. मग वळून त्यांनी ती स्टेफीच्या हातात दिली.

"सोमवारी सातला निघू," ते म्हणाले. "मी मागे बसेन."