एका दिव्याची चार कार्यालयं

"दिवाच ना? एका फोनचं काम हाय!" मन्मथआप्पा नातीला छातीठोक म्हणाले.

बत्तीस वर्षं ते लिंबागणेशच्या ग्रामपंचायतीत शिपाई होते. नात अपेक्षा दूर महानगरात नोकरीला. तिच्या गल्लीतला दिवा महिनाभर बंद. परवा अंधारात खड्ड्यात पडून तिचा पाय मुरगळला. हे ऐकून आप्पा गप्प बसतात होय!

दुसऱ्या दिवशी चहा पिऊन त्यांनी महानगरपालिकेला फोन लावला.

"वॉर्ड कोणता?" पलीकडून प्रश्न आला.

"वॉर्ड कावून? दिवा बंद हाय!"

गल्लीची डावी बाजू एका वॉर्डात, उजवी दुसऱ्या. खांब नेमका वळणावर! डाव्यांनी उजव्यांकडे धाडलं, उजव्यांनी विद्युत विभागाकडे. विद्युत विभागानं तर शोधच लावला, की रस्ता महापालिकेचा नाहीच, विकास प्राधिकरणाचा!

"अन् आभाळ कोणाच्या हद्दीत हाय?" आप्पा कडाडले. "चंद्राचा अर्ज तिकडं करतो!"

फोन आपटून ते ओट्यावर बसले. पंचायतीचं सारं सरकार एका खोलीत मावायचं. एक टेबल, एक कपाट, कपाटाला कुलूप नाही. समोरची छबुबाई दारातूनच हाक मारायची, "मन्मथा, दिवा गेला रे!" की आप्पा खांबावर! वरून सगळा गाव दिसायचा. कुणाच्या अंगणात मांडव पडलाय, कुणाच्या पापड वाळत घातलेत. दिवा लागला की छबुबाई खालून म्हणायची, "उतर आता, चहा निवला." आप्पांचे डोळे भरून आले.

"रडता कावून? अर्ज लिहा," त्यांची बायको शिवगंगाबाई आतून म्हणाल्या.

आप्पांनी चारही कार्यालयांना एकच खरमरीत अर्ज धाडला. पंधरवड्यानं अपेक्षाचा फोन.

"आप्पा, चारही कार्यालयांची माणसं येऊन गेली!"

"बघ! म्हणलो न्हवतो?"

"अहो, चौघांनी चार दिवे लावले! सगळे माझ्या खिडकीसमोर! शेजारी विचारतात, तुमच्याकडं लग्न आहे का? डोळ्याला डोळा लागत नाही. आता तीन दिवे काढायला अर्ज कुणाकडं करू?"

आप्पांनी फोन बायकोच्या हाती दिला.

"जाडसा पडदा लाव गं," शिवगंगाबाई म्हणाल्या, "आन् आप्पाला काय सांगत जाऊ नकू!"