दुर्मिळ रंगाची मोटार विकणे आहे

सहकारात कोणतीही वस्तू एकट्याची नसते, त्यामुळे ती पुसण्याची जबाबदारीही एकट्यावर येत नाही. या थोर तत्त्वाचं सर्वोत्तम उदाहरण म्हणजे आमच्या संघाची अँबॅसिडर मोटार.

उमापूरच्या अलीकडे आमचं गाव. गावाला नदी आहे (पूल पाहून ओळखता येते) आणि सहकारी खरेदी-विक्री संघ आहे (पाटी पाहून ओळखता येतो). संघाच्या पहिल्या अध्यक्षांसाठी चौऱ्याहत्तर साली ही मोटार घेतली. ते वारल्यावर ती कोणी वापरायची यावर एकमत होईना, म्हणून ती सर्वानुमते गोदामात उभी करण्यात आली. गोदामाला छप्पर आहे, भिंती तीनच. तेव्हापासूनच्या सगळ्या दुष्काळांची धूळ मोटारीवर थराथरानं बसली. जाणकार मंडळी टपावरचा थर बघून कोणत्या साली पाऊस चुकला ते सांगत, आणि तहसीलच्या आकड्यांपेक्षा ते जास्त बरोबर येई.

यंदाच्या टंचाईत गावाबाहेरच्या वस्तीला सरकारी टँकरची खेप चार दिवसांआड येऊ लागली. वस्तीवरच्या भिवराबाई नवऱ्यामागं संघाच्या सभासद झालेल्या. त्या सभेत उठून म्हणाल्या, "ती मोटार कावून सांभाळून ठिवली? इका की तिला. त्या पैशात संघाचा सोताचा टँकर घ्या. हाय त्या पान्यात भागत न्हाई, लेकरं रडत्यात." ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. संघाचा हेतू उदात्त होता, त्याबद्दल कोणी शंका घेऊ नये.

संघाचे सचिव राधाकिशन यांचा भाचा पुण्यात असतो. त्यानं कळवलं, की चौऱ्याहत्तर साली कंपनीनं एका खास रंगाच्या मोजक्याच मोटारी काढल्या होत्या. आपली त्यातली असेल तर शौकीन लोक मागाल ती किंमत देतील. मात्र रंग कंपनीचाच हवा, नंतर मारलेला नको. राधाकिशननी लगेच जाहिरात दिली: 'कंपनीच्या मूळ, दुर्मिळ रंगातील मोटार विकणे आहे. रंग समक्ष पाहावा.' (तो रंग कोणता, हे संघाला ठाऊक नव्हतं. पण जाहिरातीत तसं लिहिण्याची पद्धत नाही.)

पुण्याहून मोहनराव नावाच्या गृहस्थांचा फोन आला, रविवारी येतो म्हणून. तेव्हा तातडीनं रंगनिश्चिती उपसमिती नेमली गेली. विद्यमान अध्यक्ष सुंदरराव यांच्या गटाच्या आठवणीप्रमाणे मोटार पिस्ता रंगाची होती. विरोधी गटाच्या आठवणीप्रमाणे आकाशी. उरलेल्यांना काहीच आठवत नव्हतं, पण ते कोणत्या बाजूनं आठवतील यावर बरंच काही अवलंबून होतं.

"बोटानं पुसून बघा की वो," भिवराबाई म्हणाल्या.

ही सूचना उपसमितीनं विचारपूर्वक फेटाळली, कारण बोट कोणत्या ना कोणत्या गटाचं असणार.

शेवटी सुंदरराव म्हणाले, "बैल इकायला न्हेताना आपन तसाच न्हेतो का? धुऊन, तेल लावून, गोंडे बांधून न्हेतो. मंग पुन्याच्या पाव्हण्याला ही अशी दाखवायची? लोक काय म्हनतील?"

न धुतलेला बैल बाजारात नेणाऱ्या घरात आमच्याकडे मुलगी देत नाहीत. तेव्हा मोटार धुण्याचं ठरलं, आणि पाणी वस्तीच्या खेपेतून घेण्याचं. यामागचा हिशेब स्वच्छ होता. मोटार विकून येणारा टँकर वस्तीसाठीच होता, म्हणजे वस्तीचं पाणी वस्तीच्याच कामी येत होतं.

शनिवारी टँकर वस्तीसमोरून न थांबता गोदामाकडे गेला. रांगेत हंडे लावून बसलेल्या बाया बघतच राहिल्या. भिवराबाई हंडा घेऊन मागून पळत आल्या, तोवर धुणं निम्म्यावर आलं होतं.

"सचिव, येक हंडा तरी ऱ्हाऊ द्या वो!"

"आक्का, टपाचा साबन निघायचाय आजून," राधाकिशन म्हणाले. ते अगदी मऊपणानं म्हणाले, कारण सभासदाशी सौजन्यानं वागावं असं उपविधीत आहे.

मागच्या बंपरखाली धार लागली होती, तिथं भिवराबाईंनी हंडा लावला. "भांड्याला तरी हुईल," असं स्वतःशीच म्हणाल्या. मला ते बघवेना, म्हणून मी रंगाकडे बघितलं. रंग खरोखर देखणा होता. दोन्ही गटांनी आपलंच खरं निघालं म्हणून एकमेकांकडे विजयानं पाहिलं.

मग रीतीप्रमाणे मोटारीला तेल चोळलं आणि आरशांना गोंडे बांधले. दुपारी वावटळ आली. तिन्हीसांजेला मोटार होती तशी झाली. फरक एवढाच, की आता धूळ तेलात बसल्यामुळे जास्त टिकाऊ होती. पाणी संपलेलं असल्यानं उपसमितीनं फक्त गोंडे सोडले.

रविवारी मोहनराव आले. मोटारीभोवती फिरताना त्यांचे डोळे भरून आले.

"धुतली नाहीत ना? फार उत्तम केलंत. लोक धुतात आणि सत्यानाश करतात. मला ही धुळीसकट हवी."

"धुवायला पानी कुठं हाय साहेब इथं?" सुंदरराव म्हणाले. त्या क्षणी हे शंभर टक्के खरं होतं.

मोहनरावांनी दाराचा कोपरा बोटानं पुसून रंग पाहिला (पुण्याचं बोट कोणत्याच गटाचं नव्हतं) आणि व्यवहार जागेवर झाला. धूळ उडू नये म्हणून मोटार ताडपत्रीत गुंडाळून ट्रकनं पुण्याला गेली.

त्या पैशात संघानं टँकर घेतलाही. पण मोटारीला किंमत आली ती रंगामुळे, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेलं. तेव्हा टँकरला वाटेल तो रंग देऊन कसं चालेल? उपसमितीला मुदतवाढ मिळाली आहे. टँकर गोदामात उभा आहे. भिवराबाई येऊन सांगून गेल्या, "रंगाचं मागून बघा, आदी पानी भरून आना." त्यांच्या भावनेची नोंद घेण्यात आली.

ही हकीकत मी बीडला सांगितली, पुण्याला सांगितली. ज्यांनी ज्यांनी ऐकली ते हसले, हळहळले आणि शेवटी एकच विचारते झाले: मोटारीचा रंग नेमका कोणता निघाला? शनिवारी वस्तीवर लोक काय प्याले, हे अजून कोणी विचारलेलं नाही. तुम्ही मात्र विचारणार होतात, याची मला खात्री आहे. फक्त आधी तेवढा रंग कळायला हवा होता.